डब्यातली चांदी
दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळं होती चार, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचली दोन, पहिलं आणि शेवटचं. तीही 1917 मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, असं काही अभ्यासक म्हणतात! जुना चित्रपट असा हरवला की दोष आगीवर ढकलला जातो. तेव्हाची नायट्रेटची फिल्म पाण्याखालीही जळते, हे खरंच. पण न पेटताही ती डब्यात चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. शिवाय खेळ संपले की फिल्म रद्दीच. तिच्यातली चांदी काढून विकली जाई. म्हणजे दुखणं नुसतं रसायनाचं नव्हे, हिशेबाचंही. डिजिटल प्रत काढली की झालं, असं कुणी म्हणेल. पण तीही दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवावी लागते. थंड, कोरड्या खोलीतली मूळ फिल्म मात्र शतकभर टिकल्याची उदाहरणं आहेत, आणि स्कॅनर सुधारला की तिच्यातूनच आणखी तपशील हाती लागतो.