मद्यपाश, परिवीक्षा आणि औषधोपचार

दारूच्या अमलाखाली मारामारी करणाऱ्या इसमास न्यायालय कित्येकदा तुरुंगात न धाडता सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ अन्वये त्याच्यावर परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवता येते, तसेच मादक पदार्थ वर्ज्य करण्याची अटही घालता येते. ही अट कागदावर एका ओळीत मावते. पाळावी लागते ती मात्र बाजाराच्या दिवशी, जुन्या सोबत्यांच्या घोळक्यात. मद्यासक्ती हा आजार असल्याने नुसत्या निर्धाराचे बळ अनेकदा अपुरे पडते. अशा वेळी औषधाची जोड देता येते, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप पुरेशी परिचित नाही.

या औषधांपैकी सर्वांत जुने डायसल्फिराम. रबर उद्योगात वापरले जाणारे हे रसायन डेन्मार्कमधील दोघा संशोधकांनी जंतावरील औषध म्हणून स्वतःवर अजमावले. त्यानंतर मद्य घेताच त्यांना विलक्षण त्रास झाला. त्यातूनच १९४८ च्या सुमारास मद्यासक्तीवरील उपचार पुढे आला. यकृतात मद्याचे ॲसिटाल्डिहाइड बनते. त्याचे पुढील विघटन हे औषध रोखते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. औषध थांबविल्यावरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकू शकतो. नालट्रेक्सोनची तऱ्हा निराळी. ते मद्यातील सुखाची धार बोथट करते. त्याचे महिन्यातून एकदा देण्याचे इंजेक्शन अमेरिकेत २००६ साली मद्यासक्तीसाठी मान्य झाले. रोजची गोळी चुकविणाऱ्यांसाठी ते सोयीचे ठरते. अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यास मात्र ते देता येत नाही.

अमेरिकेतील अटलांटा शहरात १९६० नंतरच्या दशकात, नशेपायी वारंवार न्यायालयात येणाऱ्यांना तुरुंगाऐवजी देखरेखीखाली डायसल्फिराम घेण्याचा पर्याय देण्यात आला होता. मुंबईतील शंभर पुरुष रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. हे रुग्ण परिवीक्षेवरील नव्हते. पण त्यांच्या गोळ्यांवर घरच्या माणसांचे लक्ष होते. त्यात डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के, तर नालट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के मद्यापासून दूर राहिले. गोळी कोणाच्या डोळ्यांदेखत घेतली जाते, यालाही महत्त्व आहे ते असे.

येथेच एक धोक्याची सूचना. कित्येक घरांत ही गोळी नवऱ्याच्या नकळत चहात वा आमटीत कालवली जाते. त्या माउलीची हतबलता समजण्यासारखी आहे. पण अजाणता दारू प्यालेल्या हृदयरोग्याच्या जिवावर बेतू शकते. रुग्णाला सर्व समजावून, त्याची संमती घेऊन आणि तपासणी करूनच हे औषध द्यावयाचे असते. बंधपत्रावरील माणसाची संमती तर अधिकच नाजूक. समोर तुरुंग दिसत असता दिलेला होकार कितपत मोकळा मानावा, हे न्यायालयाने व डॉक्टरांनी दोघांनीही पाहावयास हवे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो; म्हणून आरंभीचे दिवस वैद्यकीय देखरेखीत जावेत.

पुढचा भाग गावाचा. जिल्हा रुग्णालयाची फेरी पडली की मजुरी बुडते. सरपंचांनी वा गुरुजींनी सोबतीची व्यवस्था केली, तर फेरी चुकत नाही. आणि एखादी गोळी चुकलीच, तर ती अटभंग म्हणून अहवालात लिहावी की आधी डॉक्टरांना कळवावी, हे परिवीक्षा अधिकाऱ्याने पहिल्याच भेटीत त्या माणसाला स्पष्ट सांगून ठेवावे. नाहीतर चुकलेली गोळी लपविली जाते आणि पुढील भेटीस तो माणूसच येत नाही.