आजार खरा, दाखला खोटा

(आळे, ता. जुन्नर येथे बचत गटातल्या आणि नोकरीला जाणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



आजचा विषय ऐकायला साधा आहे. आजारी पडलं की कामावर द्यावा लागणारा डॉक्टरांचा दाखला. तो आता फोनवरून मिळायला लागलाय, म्हणून त्याबद्दल बोलायला हवं. जुन्नर-आंबेगावच्या गावांतून चाकणला, रांजणगावला कामाला जाणाऱ्या मुली, फाट्यावरच्या दुकानांत आणि पतसंस्थांत बसणाऱ्या बायका मला वरचेवर विचारतात, "ताई, फोनवरचा दाखला चालतो का हो?" त्याचं उत्तर मी देणार आहे. पण त्याच्या मागे एक दुसरा प्रश्न आहे, तोही आपण एकमेकींना विचारू या. बाईनं 'मला बरं नाही' असं सांगितलं, तर तेवढं पुरेसं का नसतं?

तुमच्या गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मुक्या जनावराच्या तोंडून आलेला शब्द लोकांनी मानला. पण बोलत्याचालत्या बाईचा शब्द मात्र घरात सासू मानत नाही आणि कामावर सुपरवायझर मानत नाही. अंग मोडून आलं तरी 'नाटकं करते', पाळीत पोट दुखलं तरी 'सगळ्याच बायकांना होतं'. या अविश्वासातूनच दाखल्याची गरज तयार होते. आणि जिथं गरज असते तिथं दुकान उघडतंच.

एका मुलीची हकीकत सांगते. तिचं आणि तिच्या कंपनीचं नाव घेत नाही. चाकणला खोली करून राहणारी, ठेकेदारामार्फत कामाला लागलेली. सुट्टीला घरी आली आणि तापानं फणफणली. सोमवारी कामावर जाणं शक्यच नव्हतं. सुपरवायझरनं व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दिलं, 'मेडिकल आणलंस तरच आत घेऊ.' त्याच दिवशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आली होती. रक्त तपासलं, गोळ्या घेतल्या. पण तिथं दाखला मागायचं तिला सुचलं नाही. रात्री भावाच्या फोनवर जाहिरात दिसली, 'रजेचा दाखला घरबसल्या'. एक अर्ज भरला, काही शे रुपये पाठवले, थोड्या वेळात कागद आला. ताप किती आहे हे कुणी विचारलं नाही. डॉक्टरचा आवाजसुद्धा तिनं ऐकला नाही. कागदावर पाच दिवसांची विश्रांती लिहिलेली, खाली परराज्यातल्या डॉक्टरची सही. कंपनीनं तो कागद नाकारला, आणि 'बोगस कागद दिला' म्हणून ठेकेदारानं तिला घरी बसवलं.

इथं जरा थांबून विचार करा. तिचा ताप खरा होता. खोटा होता तो कागद. खऱ्या आजारासाठी तिनं पदरचे पैसे देऊन खोटा पुरावा विकत घेतला, आणि त्यामुळे ती स्वतःच खोटी ठरली. आम्ही ठेकेदाराकडे गेलो ते आरोग्य केंद्राचा केसपेपर घेऊन. त्यावर तारीख होती, तपासणी होती, औषधं होती. त्या केसपेपरसाठी एक पैसाही लागला नव्हता, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिला कामावर परत घेतलं, पण त्या दिवसांची मजुरी गेली ती गेलीच.

आता फोनवरच्या दाखल्याकडे वळू. फोनवरून डॉक्टरचा सल्ला घेणं बेकायदेशीर नाही. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारनं दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. फोनवर, व्हिडिओवर किंवा लिहून नोंदणीकृत डॉक्टर सल्ला देऊ शकतो. पण त्यालाही बंधनं आहेत. डॉक्टरनं रुग्णाची ओळख पटवून घ्यायची. स्वतःचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर द्यायचा. सल्ल्याची नोंद ठेवायची. फोनवर निदान होण्यासारखं नसेल तर 'दवाखान्यात या' म्हणून सांगायचं. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीनं आपल्या यादीतला प्रत्येक डॉक्टर नोंदणीकृत आहे याची खात्री करायची. डॉक्टरच्या जागी संगणकानं औषध लिहून देणं तर चालतच नाही.

दाखल्याचे नियम मात्र त्याहून जुने आहेत, २००२ चे. मधे २०२३ साली नवे नियम आले होते, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. त्यांप्रमाणे डॉक्टरनं दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवायची असते, प्रत्येक दाखल्याची प्रत ठेवायची असते. रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि शरीरावरची एक तरी ओळखखूण नोंदवायची असते. रजेच्या दाखल्याचा एक नमुनाच त्या नियमांना जोडलेला आहे. त्यात डॉक्टर लिहून देतो की मी स्वतः काळजीपूर्वक तपासून हा दाखला देत आहे. खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला दिला तर डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. जाता जाता सांगते, त्या इंग्रजी नमुन्यात रुग्ण 'तो' आहे. 'त्याची' प्रकृती सुधारण्यासाठी रजा जरुरीची, असं लिहिलंय. आजारी पडणारी कामगार बाई असू शकते, हे नमुना करणाऱ्याच्या मनातही आलं नसावं.

तेव्हा 'फोनवरचा चालतो का?' याचं माझं उत्तर असं: डॉक्टर तुमच्याशी बोलला, त्यानं विचारपूस केली, नाव आणि नोंदणी क्रमांक दिला, तर त्या कागदाला काही वजन आहे. तरीही तो मान्य करायचा की नाही हे तुमच्या कामाच्या ठिकाणच्या नियमांवर अवलंबून राहतं. पण अर्ज भरा, पैसे टाका आणि किती दिवस हवेत ते सांगा, एवढ्यावर जो दाखला मिळतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. तो तुम्हाला वाचवत नाही. उलट तुम्हाला काढायला मालकाच्या हाती आयतं कारण देतो.

ज्यांच्या पगारातून राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे पैसे कापले जातात, त्यांनी नीट ऐका. तुमच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. सुरुवातीचे दोन दिवस साधारणपणे त्यात धरत नाहीत. पण त्यासाठी दाखला लागतो तो विम्याच्या डॉक्टरचा. दुसऱ्या डॉक्टरचा दाखला परिस्थिती पाहून पर्यायी पुरावा म्हणून विचारात घेऊ शकतात, पण त्यावर विसंबून राहू नका. त्या मुलीचेही पैसे कापले जात होते. विम्याचं कार्ड काय कामाचं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ठेकेदारानं नाही, कंपनीनं नाही. हक्क कागदावर असतो आणि तो कागद साहेबाच्या कपाटात असतो, अशी गत.

बाळंतपणाच्या बाबतीतही तेच. गर्भपात झाला तर सहा आठवडे, नसबंदीची शस्त्रक्रिया केली तर दोन आठवडे, गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिनापर्यंत पगारी रजा, हे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानं मिळवून दिलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. या प्रत्येक रजेला पुरावा लागतो. म्हणून दवाखान्यातला एकही कागद टाकू नका.

फोनवरच्या डॉक्टरबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट पुरुष कार्यकर्त्यांच्या लक्षात येत नाही. फोन कुणाचा? आपल्याकडे कितीतरी घरांत फोन नवऱ्याचा नाहीतर मुलाचा असतो. ओटीपी त्याच्या फोनवर येतो, दाखला त्याच्या फोनवर येतो. अंगावरून पांढरं जातं, गर्भ राहिला आहे, गर्भ पडला आहे, हे बाई स्वयंपाकघरात उभी राहून, सगळ्यांच्या कानांदेखत कशी सांगणार? डॉक्टरनं रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते, असा नियम आहे. पण भिंतीपलीकडे बसलेल्या सासूला तो नियम कसा लागू करणार? हेही खरं, की ज्या बाईला घराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, तिला फोनवरचा डॉक्टर मोठा आधार असतो. सरकारची ई-संजीवनी सेवा त्यासाठी आहे. तिथं सल्ला आणि औषधाची चिठ्ठी मोफत मिळते. रजेचा दाखला मिळेलच असं मात्र धरू नका.

आणि मारहाण झाली असेल तर? तेव्हा कृपा करून फोनवर दाखला घेऊ नका. 'पडले' म्हणून लिहून घेऊ नका. सरकारी दवाखान्यात जा, जखमा दाखवा, कशानं झाल्या ते सांगा आणि ते तसंच लिहायला सांगा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे अशा बाईला वैद्यकीय मदत नाकारता येत नाही. पुढं कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तो कागद तुमच्या बाजूनं बोलतो. 'विषाणूजन्य ताप, तीन दिवस विश्रांती' असा दाखला घेतलात, तर तोच तुमच्याविरुद्ध बोलेल.

इतका वेळ मी ज्यांना दाखला मागतात त्यांच्याबद्दल बोलले. ज्यांना तोही कुणी मागत नाही, त्यांचं काय? कांद्याच्या चाळीवर, टोमॅटोच्या तोडणीवर जाणाऱ्या बाईला आजाराची रजा नाही. नाही गेली तर त्या दिवसाचा रोज नाही, हिशेब संपला. आपल्या विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या परिसरात दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. ऊसतोडीच्या धंद्यात गैरहजेरीला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यामागे कारणं अनेक आहेत. लहान वयातलं लग्न, अंगावर काढलेले आजार, नफेखोर दवाखाने. पण पाळीमुळे खाडा नको, हेही त्यात आहे. चार दिवसांची रजा मिळत नाही म्हणून बाई अवयव काढून टाकते. अशा व्यवस्थेत आपण दाखला ऑनलाईन की ऑफलाईन यावर बोलत बसलो, तर ते अर्धवट बोलणं होईल.

आपल्याच पुणे जिल्ह्यातला एक इतिहास आहे. १९८० साली पुण्यात घरकाम करणारी एक बाई आजारपणामुळे चार दिवस कामावर गेली नाही, म्हणून मालकिणीनं तिला काढून टाकलं. आजूबाजूच्या मोलकरणींनी काम बंद केलं आणि तिथून त्यांच्या संघटनेची वाट सुरू झाली. त्या बायकांनी दाखला शोधला नाही. आम्हीही माणसं आहोत, आजारी पडणार, त्याचे पैसे कापू नका, असं त्या म्हणाल्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

स्वतःच्या शब्दावर रजा मिळणं हे काही स्वप्न नाही. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी कामगार स्वतःच लिहून देतो, डॉक्टरचा कागद त्यानंतर. बिहार सरकारनं १९९२ पासून आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली आहे. पाळीच्या रजेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा जुलै २०२४ मध्ये न्यायालयानं तो धोरणाचा विषय म्हणून सरकारकडे सोपवला. अशी रजा सक्तीची केली तर बायकांना कामावर घेणंच टाळतील, अशी भीतीही व्यक्त केली. ती भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय म्हणजे बाईनं गप्प बसणं नव्हे. टाळणाऱ्याला जाब विचारणं हा उपाय आहे.

आता आपण काय करायचं?

आजारी पडलात की पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्रात नाव नोंदवा, केसपेपर जपून ठेवा. दाखला हवा असेल तर तिथंच आणि तेव्हाच मागा. कामावर निरोप तोंडी देऊ नका, लिहून पाठवा आणि तो मजकूर पुसू नका. ईएसआयचं कार्ड ज्यांचं आहे त्यांनी ते ठेकेदाराकडून मागून घ्या, जवळचा विम्याचा दवाखाना कुठं आहे ते विचारा. फोनवर डॉक्टरशी बोललात तर त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या. नोंदणी खरी आहे का, हे वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर बघता येतं. गटातली शिकलेली मुलगी ते करून देईल.

हे झालं एकेकटीनं करायचं. मिळून करायचं ते वेगळं. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही घाला. कुणाचा आजारपणात किती दिवसांचा रोज बुडाला, कुणाला दाखल्यावरून परत पाठवलं, कुणाचे विम्याचे पैसे कापूनही मिळाले नाहीत, ते लिहून ठेवा. सहा महिन्यांची वही झाली की ती घेऊन आपण ठेकेदाराकडे, कारखान्याच्या कामगार अधिकाऱ्याकडे आणि जिल्ह्याच्या कामगार आयुक्तांकडे जाऊ. मागणी एकच करू. दोन-तीन दिवसांच्या आजाराला बाईचा लेखी शब्द पुरे, आणि त्या दिवसांची मजुरी तिच्या हातात.

वही मी आज बरोबर आणली आहे. सुरुवात कोण करतंय?