पायऱ्या दाखवा!
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मी मराठी विकिपीडियावर लिहिते असं सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "त्याचे पैसे किती मिळतात?" एक रुपयाही मिळत नाही. मग एवढा वेळ का द्यायचा, ते आज सांगते.

मराठीला ज्ञानकोश नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे खंड काढले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून विश्वकोश उभा केला. तिथे तज्ज्ञ लिहीत, संपादक तपासत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र तुम्ही-आम्ही कोणीही लिहू शकतो.

बहुतेकांची सुरुवात शुद्धलेखनापासून होते. वाचताना ऱ्हस्व-दीर्घ खटकतं, आपण 'संपादन' दाबतो आणि दुरुस्त करतो. माझीही तशीच झाली. सरावासाठी तिथे 'धूळपाटी' नावाचं पान आहे, त्यावर हवं ते गिरवावं. पानाच्या 'इतिहासा'त प्रत्येक बदल नोंदला जातो आणि कोणताही बदल उलटवता येतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो, त्यामुळे मला ते चटकन आवडलं.

पण हौशी आणि गंभीर यांतला फरक किती बदल केले यावर ठरत नाही. तो एका छोट्या शेऱ्यावर ठरतो: 'संदर्भ हवा'. आपण खरीच माहिती लिहितो, तरी कोणीतरी विचारतं, हे कुठे छापलंय? काहीजण इथे रागावून निघून जातात. मला आपला गणिताचा तास आठवला. नुसतं उत्तर लिहून पूर्ण मार्क मिळायचे नाहीत, पायऱ्या दाखवाव्या लागायच्या. विकिपीडियाचंही तेच आहे.

आपल्या गावाचंच उदाहरण घ्या. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं आणि इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या पुतळ्यांपाशी आपण सगळेच थांबलोय. पण लष्कर येण्याआधी सोलापूर किती दिवस 'स्वतंत्र' होतं? कोणी तीन म्हणतं, कोणी चार. हौशी लेखक आपल्याला आवडलेला आकडा लिहून मोकळा होतो. गंभीर लेखक वाचनालयात जातो, दोन-तीन पुस्तकं काढतो, कोण काय म्हणतं ते पृष्ठक्रमांकासह लिहितो. मतभेद असले तर चर्चापानावर बोलतो. आणि नंतरही त्या पानावर लक्ष ठेवतो, कारण उद्या कोणी त्यात काहीही घालू शकतं. पान लिहिण्यापेक्षा ते राखण्यात जास्त वेळ जातो.

संयोजकांनी मला विचारलं, "मग आपल्या शाळेचं पान का नाही करत?" करता येईल, पण आपणच आपलं कौतुक लिहून चालत नाही. ही स्मरणिकासुद्धा त्याला पुरणार नाही, कारण ती आपणच काढली आहे. बाहेरच्या कोणीतरी शाळेबद्दल सविस्तर लिहिलेलं हवं. जुन्या वर्तमानपत्रांत, जिल्ह्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत ते सापडलं, तर पान होईल.

खरी काळजी वेगळीच आहे. गिरण्यांचे भोंगे, पूर्व भागातले हातमाग, चादरीचे कारखाने, गड्ड्याची यात्रा हे सगळं आपल्या घरातल्या मोठ्यांना तोंडपाठ आहे. पण तोंडपाठ गोष्टीला विकिपीडिया संदर्भ मानत नाही. ती माणसं गेली, की माहितीही गेली. म्हणून आधी कोणीतरी ती नीट लिहून, छापून ठेवायला हवी.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. घरात जुनी पुस्तकं, संस्थांचे अहवाल, कात्रणं असतील तर रद्दीत घालण्यापूर्वी मला एक फोन करा. गावातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढाल, तर ते मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर चढवा. आणि सर, बाई, तुम्हाला खास विनंती. आमच्या वह्या तुम्ही लाल पेनाने तपासल्यात, आता सोलापूरचं पान तपासा. चुका सापडतील, फक्त दुरुस्त करताना पायऱ्या दाखवा!