रात्री दोन वाजता दवाखान्यात कोण असतं?

(मंगरूळपीर येथे युवक-युवतींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला आज 'संगणक क्षेत्रातल्या संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी आयोजकांना विनंती केली की त्याऐवजी मला दवाखान्यांवर बोलू द्या. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण या विषयाकडे मला माझ्या घरानेच ढकललं.

सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची पहिली प्रसूती होती. आपल्याच भागातल्या एका खासगी दवाखान्यात नाव घातलं होतं. तो निवडताना आम्ही काय पाहिलं? इमारत नवी होती. बाई डॉक्टर होत्या, म्हणून अम्मी निश्चिंत होत्या. खालाच्या सुनेची प्रसूती तिथेच झाली होती. झालं, पाच मिनिटांत निर्णय. त्याच महिन्यात मी अब्बांसाठी मोबाईल घेतला होता. त्यासाठी तीन आठवडे कॅमेरा, बॅटरी, किंमत यांचे तक्ते तपासत बसले होते.

मूल संध्याकाळी झालं. सगळं ठीक होतं. डॉक्टरबाई रात्री घरी गेल्या. रात्री दोनच्या सुमारास बहीण म्हणाली, "आपा, मला गार वाटतंय." चादर उचलली तर खालची गादी रक्ताने भिजलेली. मी सिस्टरला हाक मारली. जी मुलगी आली ती वीस वर्षांची असेल. तिने सलाईनची सुई लावायचा तीनदा प्रयत्न केला आणि मग ती रडायला लागली. ती नर्स नव्हतीच. बारावी झाल्यावर दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, पांढरा कोट घातलेली मुलगी होती. इमारतीत दुसरा कोणीही डॉक्टर नव्हता.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव वेळेत थांबवला नाही तर दोन तासांत बाईचा जीव जाऊ शकतो. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी जमेल ते केलं, १०८ ला फोन झाला आणि आम्ही अकोल्याला निघालो. बहीण वाचली, अल्हमदुलिल्लाह. पण गर्भाशय काढावं लागलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

मला त्या मुलीचा राग येत नाही. तिला त्या खुर्चीवर कोणी बसवलं, हे विचारायचं होतं. आणि त्याआधी हे विचारायचं होतं की आम्ही दाखल होताना "रात्री इथे कोण असतं?" एवढा एक प्रश्न का विचारला नाही?

आता थोडं जगाकडे पाहू. अमेरिकेत 'नर्सिंग होम' म्हणजे वृद्ध आणि दीर्घ आजारी माणसांना ठेवण्याची जागा. आपल्याकडे त्याच शब्दाचा अर्थ छोटा खासगी दवाखाना. तिथल्या सरकारने १९९८ मध्ये अशा सगळ्या जागांची माहिती लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली आणि २००८ पासून त्यांना एक ते पाच तारे दिले. हे तारे तीन गोष्टींवर ठरतात: सरकारी तपासणीत काय आढळलं, कर्मचारी किती आणि कसे आहेत, आणि रुग्णांची काळजी प्रत्यक्षात कशी घेतली जाते.

त्यातली एक गोष्ट माझ्यासारख्या डेटावाल्या माणसाला फार शिकवून गेली. कर्मचाऱ्यांची संख्या सुरुवातीला त्या संस्था स्वतःच कळवायच्या. २०१६ पासून सरकारने पगारपत्रकावरून आकडे मागायला सुरुवात केली. तेव्हा दिसलं की अनेक ठिकाणी, विशेषतः शनिवार-रविवारी, सांगितल्यापेक्षा कमी नर्स कामावर असतात. म्हणजे 'किती नर्स आहेत?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'आत्ता, या पाळीला किती आहेत?' हा खरा प्रश्न. आमच्या घरी तो रात्री दोन वाजता कळला.

तुम्ही म्हणाल, वाशिममध्ये कुठले तारे? तारे नाहीत, हे खरं. पण कायदा आहे आणि जुना आहे. १९४९ चा. आज त्याचं नाव महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम. जिथे आजारी माणसाला दाखल करून उपचार आणि शुश्रूषा होते ते शुश्रूषागृह, आणि प्रसूतिगृहही त्यातच येतं. नोंदणीशिवाय असा दवाखाना चालवता येत नाही. नोंदणी तीन वर्षांसाठी असते, मग नूतनीकरण. आपल्यासारख्या महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्यात ही नोंदणी आणि तपासणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो त्यांच्याकडे असते. आणि नीट ऐका: शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, हे याच कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे नर्सबद्दल विचारणं हा आगाऊपणा नाही. कायदा पंच्याहत्तर वर्षांपासून तेच विचारतोय.

जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याचे नियम बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि उपचारांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तक्रारीसाठी व्यवस्था सांगितली गेली. बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. पुरुष डॉक्टर बाईची तपासणी करत असेल तर सोबत स्त्री हवी, हाही हक्क आहे. आपल्या घरांत ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी असते, ती मागायला मिन्नतवारी करायची गरज नाही.

मग आपण तुलना कशी करायची? मी तीन रकाने सांगते.

पहिला रकाना माणसांचा. रात्री डॉक्टर इमारतीत राहतात की घरून येतात? घरून येत असतील तर किती मिनिटांत? रात्रपाळीच्या नर्सचं शिक्षण काय? एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं शिक्षण असतं आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. कोट पांढरा आहे म्हणून माणूस नर्स होत नाही. सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ कुठून येतात? या भागात भूलतज्ज्ञ अनेकदा एका गावाहून दुसऱ्या गावाला धावत असतात. त्यात दोष नाही, पण आपल्याला ते आधी माहीत हवं.

दुसरा रकाना तपासणीचा. यातलं बरंचसं भिंतीवर दिसतं. नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का, आणि त्याची मुदत संपली तर नाही ना? आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. हे कागद किरकोळ वाटतात. पण ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये नगरच्या सरकारी रुग्णालयात पुन्हा अतिदक्षता विभागात आगी लागल्या. सरकारी असो की खासगी, आग पाटी वाचून लागत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचंही पाहा. पिवळी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा, काचेसाठी निळा, हे वेगवेगळं आहे की सगळं एकाच बादलीत?

पण तपासणी करणाऱ्यांना आत काय आढळलं, हे भिंतीवर नसतं. ते सरकारी फायलीत असतं. तिथे माहितीचा अधिकार उपयोगी पडतो. खासगी दवाखाना तुम्हाला थेट माहिती द्यायला बांधील नसेल. पण २००५ च्या कायद्यात 'माहिती'ची जी व्याख्या आहे, तिच्यात एखादं सरकारी कार्यालय दुसऱ्या कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवू शकतं, तीही येते. म्हणून अर्ज करायचा जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. तेव्हा मोठं भाषण लिहू नका. मागा फक्त एवढंच: आपल्या तालुक्यातल्या नोंदणीकृत शुश्रूषागृहांची यादी, खाटा, नोंदणीची मुदत, आणि गेल्या तीन वर्षांतल्या तपासणी अहवालांच्या प्रती. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयात, दुसरं माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे.

तिसरा रकाना काळजीचा, आणि इथे सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं. समजा एका दवाखान्यातून खूप रुग्ण अकोल्याला पाठवले जातात आणि दुसऱ्यातून एकही नाही. कोणता चांगला? तुम्ही म्हणाल दुसरा. कदाचित तो अवघड केस घेतच नसेल. किंवा वेळेवर पाठवत नसेल, आणि तेच जास्त धोक्याचं. म्हणून नुसते मृत्यू किंवा रेफर मोजून क्रम लावू नका. प्रश्न असे विचारा: रक्त लागलं तर कुठून आणि किती वेळात? पाठवायची वेळ आली तर सोबत कोण येतं, चिठ्ठीत काय लिहून देतात? डिस्चार्जच्या वेळी सगळे कागद देतात का? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेचं 'मान्यता' प्रमाणपत्र आहे, त्यात १६ निकष आहेत. जिथे ते आहे तिथे निदान कोणीतरी बाहेरून येऊन पाहिलेलं असतं.

आम्ही काही मैत्रिणी-मित्रांनी हे प्रश्न एका पानावर छापले आणि आमच्या ओळखीच्या दवाखान्यांत गेलो. एका ठिकाणी आम्हाला बाहेर काढलं. एका ठिकाणी एका वयस्कर डॉक्टरांनी चहा मागवला. ते म्हणाले, "बेटा, प्रश्न बरोबर आहेत. पण शिकलेल्या नर्स इथे थांबत नाहीत, पुण्या-नागपूरला जातात. मला दोन जीएनएम दे, आज ठेवतो."

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. आपल्या मोहल्ल्यांत बारावी सायन्स झालेल्या मुली घरी बसून आहेत. डॉक्टर झाली तर पेढे वाटतो, नर्स व्हायचं म्हटलं की घरात चेहरे उतरतात. मदीनेत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदांचं नाव आपण अभिमानाने घेतो, आणि आपल्या मुलीला रात्रपाळी नको म्हणतो. मग रात्रपाळीला आपल्याच बहिणीजवळ कोण असणार?

आणि तपासणीचंही तसंच. कोणी म्हणतं, डॉक्टरांना प्रश्न विचारणं बेअदबी आहे. इतिहासात सांगितलंय की इ.स. ९३१ मध्ये बगदादमध्ये वैद्याच्या चुकीने एक माणूस दगावला. तेव्हा खलिफा मुक्तदिरने हुकूम काढला की सिनान इब्न साबित यांनी परीक्षा घेतल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये. सुमारे ८६० जण त्या परीक्षेला आले. बाजारातली वजनं तपासणारा मुहतसिब वैद्यांवरही नजर ठेवायचा. सिनान स्वतः साबियन घराण्यातले होते. त्यांचा धर्म कोणता हे बगदादने पाहिलं नाही, विद्या पाहिली. आपणही 'आपला डॉक्टर, त्यांचा डॉक्टर' हा रकाना तक्त्यातून काढून टाकू.

दोन गोष्टी करू नका. पहिली, रुग्ण दगावला की हात उचलणं. डॉक्टर आणि दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. पण त्याहून मोठं कारण हे की ज्या गावात मारहाण होते तिथे अवघड केस घ्यायला कोणी धजत नाही, आणि मग सगळेच अकोल्याच्या रस्त्यावर मरतात. दुसरी, व्हॉट्सअॅपवर ऐकीव गोष्टी फिरवणं. आपल्या तक्त्यात फक्त तीच गोष्ट लिहा जी तुम्ही पाहिली किंवा कागदावर मिळाली, सोबत तारीख. जाहीर करण्याआधी ते पान दवाखान्याला दाखवा आणि त्यांचं म्हणणंही छापा.

आपला जिल्हा १९९८ ला झाला. २०१८ मध्ये तो आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. इमारती येतायत, चांगलं आहे. पण इमारतीला पाहून आम्ही एकदा फसलो आहोत. सहा तालुके आहेत: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. प्रत्येक तालुक्यातून इथे चार-पाच जण आले आहेत. एका तालुक्यासाठी एक अर्ज आणि एक तक्ता. सरकारी दवाखानेही त्यात घ्या, त्यांना सूट नाही.

माझी भाची आता सहा वर्षांची आहे. ती परवा विचारत होती, "मला भाऊ का नाही?" तिच्या आईने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मी तिथे बसले होते, मला काही बोलता आलं नाही. म्हणून आज तुमच्यासमोर बोलले. तुमच्या घरात पुढची प्रसूती, पुढचं ऑपरेशन असेल, तेव्हा नाव घालायच्या आधी काउंटरवर एवढंच विचारा: रात्री दोन वाजता इथे कोण असतं?