गेलेला आटा

पूर्वीं औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपति संभाजीनगराहून जालन्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत शेंद्रा लागतें. येथील औद्योगिक वसाहतींत २००१ सालीं स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. अशा कारखान्यांत प्रत्येक नट किती जोरानें आवळावयाचा, हें आधींच ठरलेलें असतें. वसाहतीच्या कुंपणापलीकडे मात्र शेतें आहेत. तेथील जुन्या ट्रॅक्टरचा नट किती आवळावा, हें एकट्या मिस्त्रीच्या मनगटावर अवलंबून असतें. आजचा विषय त्या मनगटाचा आणि त्याच्या हातीं असलेल्या एका क्षुल्लक आट्याचा आहे.

पेरणीच्या तोंडावर एखाद्या जुन्या एंजिनाच्या कुशींतून ‘फट् फट्’ असा आवाज येऊं लागतो. जो धूर सायलेन्सरमधून वर जावयाचा, तो बाजूनेंच बाहेर पडतो आणि लोखंडावर काजळी धरते. मालक पाना लावून नट आवळूं जातो, तों नट नुसता फिरतच राहतो. मिस्त्री एवढेंच म्हणतो, ‘आटे गेले.’ तक्रार लहान दिसते. परंतु त्या फटींतून तापलेला वायु आणि प्रसंगीं ठिणगीहि बाहेर येते. खळ्यांत कडब्याची गंजी जवळ असली, तर त्या ठिणगीची किंमत कोण सांगणार? शिवाय पाऊस ट्रॅक्टरसाठीं थांबत नाहीं.

हें घडतें कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरांतून निघणारा जळका वायु एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारी जी ओतीव लोखंडाची फांद्याफांद्यांची नळी, तिला मॅनिफोल्ड म्हणतात. ती हेडला स्टडांनीं जखडलेली असते. स्टड म्हणजे दोन्ही टोकांस आटे असलेली पोलादी कांडी. एक टोक हेडांत रुतलेलें, दुसऱ्यावर नट. आतां लोखंड तापलें कीं वाढतें. चाळीस सेंटिमीटर लांबीचें मॅनिफोल्ड चारशें अंशांनीं तापलें, तर तें सुमारें पावणेदोन मिलिमीटर लांबतें. पाण्यानें थंड राखलेलें हेड मात्र तितकें वाढत नाहीं. म्हणून मॅनिफोल्डचीं भोंकें स्टडाहून जरा मोठीं ठेवतात, कीं त्याला सरकावयास जागा मिळावी. रोज तापणें, रोज निवणें आणि वर गंज, या तिहींच्या ओढाताणींत शेवटीं आटे झिजतात.

परंतु काळ जितके आटे खातो, त्याहून अधिक उतावीळ माणूस खातो. धूर निघतो असें दिसलें कीं पान्याला हातभर लोखंडी नळी जोडून नट पिळावयाचा, ही सार्वत्रिक चूक आहे. स्टड पोलादाचा आणि हेड बहुधा बिडाचें. बिडाचे आटे ताण सोशीत नाहींत. ते चुरा होऊन बाहेर येतात. मग कोणी भोंकांत मोठा बोल्ट ठोकतो, कोणी वेल्डिंगचा ठिपका देतो. त्या ठिपक्याच्या आंचेनें बीड तडकलें, म्हणजे एका नटाचें काम अख्ख्या हेडावर येतें.

दुसरी चूक मापाची आहे. सर्व आटे एका जातीचे नसतात. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं ५५ अंशांच्या कोनाचा आटा सुचविला. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें १८६४ सालीं ६० अंशांचा. दुसऱ्या महायुद्धांत एका देशाचा नट दुसऱ्या देशाच्या बोल्टला बसेना. तेव्हां १९४८ सालीं अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनीं ६० अंशांचा समान आटा मान्य केला. पण माप इंचांतच राहिलें. भारतानें १९५६ सालच्या कायद्यानें मीटरपद्धति स्वीकारली. तरी १९६३ सालीं महिंद्रानें इंटरनॅशनल हार्वेस्टरशीं भागीदारी करून जे ट्रॅक्टर देशांत आणले, त्यांचा विलायती आराखडा इंचांचाच होता. म्हणून एकाच दुकानाच्या फळीवर दोन जगें शेजारीं नांदतात.

उदाहरणार्थ, तीन अष्टमांश इंचाच्या जाड आट्याच्या स्टडवर एका इंचांत सोळा आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर १.५८७५ मिलिमीटर. दहा मिलिमीटरच्या नटांत तेंच अंतर १.५ मिलिमीटर. फरक केसाएवढा. हा नट त्या स्टडवर चढतो, जरा सैल लागतो एवढेंच. पण तो आट्यांच्या शेंड्यांवरच टेकलेला असतो, आणि आवळतांच शेंडे छाटले जातात. आट्यांचें अंतर मोजण्याची दातेरी पट्टी चांगल्या मिस्त्रीच्या पेटींत असते, ती याचसाठीं. जो आधीं मोजतो, त्याला नळी जोडावी लागत नाहीं.

मोजणी झाल्यावर खरी दुरुस्ती सुरू होते. अडकलेल्या स्टडावर तेल सोडून, भोंवतालचें लोखंड शेकून, त्याला धीर द्यावा लागतो. दोन नट एकमेकांवर घट्ट करून आंतला नट उलटा फिरवला, कीं स्टड बहुधा निघतो. मग भोंक सरळ पाडणें महत्त्वाचें. जाड पट्टीला छिद्र पाडून ती वाटाड्यासारखी हेडवर बांधली, तर ड्रिल तिरकें जात नाहीं. ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करतात. कारण पुष्कळ एंजिनांत त्या भोंकामागेंच पाण्याची पोकळी असते. नंतर टॅप अर्धा वळसा पुढें, पाव वळसा मागें, असा फिरवून चुरा मोडीत न्यावयाचा. त्या नव्या आट्यांत पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी, हेलिकॉइल, अथवा आंतबाहेर आटे असलेला भरीव बुश बसवितात. त्याच्या आंतले आटे मूळ मापाचे असतात. म्हणजे मूळ जातीचाच स्टड पुन्हां बसतो. हेंच या कामाचें मर्म आहे. मोठा बोल्ट ठोकणारा आजची अडचण भागवितो; मूळ माप परत आणणारा पुढच्या मिस्त्रीचीहि सोय करतो.

शेवटीं नटाचा प्रश्न. जुन्या विलायती एंजिनांत मॅनिफोल्डवर पितळी नट घालण्याची चाल होती. पितळ पोलादी आट्याशीं गंजून चिकटत नाहीं, आणि जोर जास्त झालाच तर पितळाचा आटा आधीं जातो, हेडाचा नव्हे. जो भाग स्वस्त आणि सहज बदलतां येण्याजोगा, त्यानेंच आधीं झिजावें, ही त्यामागची योजना. नट बेताचा आवळावा, एंजिन एकदां तापून निवलें म्हणजे पुन्हां तपासावा, आणि मग हात आवरावा.

शहरांतल्या घरांत ट्रॅक्टर नसतो. पण कुकरच्या दांड्याचा स्क्रू, शिवणयंत्राचा पेंच, न्हाणीघरांतला नळ हे सर्व त्याच आट्यांवर उभे आहेत. तेथें पुष्कळदां वस्तु मोडते ती जुनी झाली म्हणून नव्हे, तर कोणी न मोजतां जोर केला म्हणून. शेंद्र्याच्या शिवारांत पावसाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला तें एका सकाळींच कळतें. पहिली सर पडते, ट्रॅक्टर एका हाकेसरशीं सुरू होतो, धूर वरच्या नळींतूनच निघतो, आणि नट आपल्या जागीं मुकाट्यानें बसून राहतो.