पाटी कुणाची, काम कुणाचं?

न्यू जर्सी, नॉर्थ कॅरोलायनाहून पहाटे निघून गाडी हाकत आलेल्या उद्योजक मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीनं उत्तर व्हर्जिनियात आपलं मनःपूर्वक स्वागत.

स्वागताध्यक्षानं यजमान गावाचे गोडवे गावेत अशी रीत आहे. आमच्याकडे गड नाही, घाट नाही. वॉशिंग्टनभोवतीच्या बेल्टवेवरची वाहतूक आहे, ती तुम्ही अनुभवून आलातच. टायसन्सपासून हर्नडनपर्यंतच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत त्या सरकारी कंत्राटांवर. त्यांतल्या कितीतरी कार्यालयांत आपली, भारतीय वंशाची, माणसं आहेत. त्यामुळे इथे भेटायचं तर विषय एकच असू शकत होता: सरकारनं मोठ्या कंपनीशी लहान कंपनीची गाठ घालून द्यायची ती योजना, मेंटर-प्रोटेजे.

तिचं मूळ थोडं मागे आहे. साठच्या दशकात अमेरिकेतली शहरं पेटली, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हाती उद्योग यावेत म्हणून लघुउद्योग कायद्याच्या ८(ए), म्हणजे ‘एट-ए’, या कलमाचा उपयोग सुरू झाला. इथून तासाभरावर असलेल्या बाल्टिमोरचे काँग्रेस सदस्य पॅरेन मिचेल यांनी १९७७ मध्ये सार्वजनिक बांधकामाच्या निधीतला दहा टक्के हिस्सा अल्पसंख्याक उद्योगांसाठी राखून घेतला. पुढच्याच वर्षी ‘एट-ए’ला कायद्याचा पक्का पाया मिळाला. कामं राखून ठेवली, पण ती पेलायला हिशेबाची यंत्रणा, भांडवल आणि पूर्वी केलेल्या कामाचा दाखला लागतो. तो दाखला काम केल्याशिवाय मिळत नाही आणि काम दाखल्याशिवाय मिळत नाही. घोडं तिथेच पेंड खात होतं. म्हणून १९९० च्या कायद्यानं संरक्षण खात्यात मेंटर-प्रोटेजे योजना आली: लहान कंपनीला शिकवण्याचा खर्च मोठ्या कंपनीला सरकारनं भरून द्यायचा, नाहीतर तो तिच्या उपकंत्राटांच्या उद्दिष्टात धरायचा. लघुउद्योग प्रशासनानं १९९८ मध्ये एट-ए कंपन्यांसाठी आपली योजना आणली. २०१६ मध्ये सर्वच लहान कंपन्यांसाठी तशी दुसरी योजना निघाली आणि २०२० मध्ये दोन्हींची एक झाली.

आता या खोलीत सहसा मोठ्यानं न बोललं जाणारं बोलतो. एट-एसाठी वंचित मानल्या जाणाऱ्या गटांच्या यादीत आपण सुरुवातीला नव्हतो. भारतीय वंशाच्या लोकांच्या संघटनेनं अर्ज केला, पाठपुरावा केला, आणि १९८२ मध्ये आपली गणना सामाजिकदृष्ट्या वंचितांत झाली. इथे रंगावरून, उच्चारावरून दारं बंद झाली नाहीत असं मी म्हणणार नाही, माझ्यासाठीही झाली. पण आपल्यातले बहुतेक जण इंजिनिअरिंगची पदवी घेऊन विमानातून उतरले होते आणि त्या पदवीमागे घरातल्या दोन-तीन पिढ्यांचं शिक्षण होतं. बाल्टिमोरच्या ज्या वस्तीसाठी मिचेल झगडले, तिच्या पाठीशी ते नव्हतं. सवलत आपण कायद्यानं घेतली, चोख काम केलं, माना खाली घालण्याचं कारण नाही. हिशेब मात्र लक्षात ठेवायला हवा.

२०२३ च्या जुलैमध्ये टेनेसीतल्या संघीय न्यायालयानं एट-एसाठी वंशावरून वंचितपणा गृहीत धरायला मनाई केली. त्यानंतर ज्याला त्याला आपली अडवणूक झाल्याची हकीकत स्वतः लिहून द्यावी लागली. त्या वेळी आपल्यातले अनेक जण कोरा कागद समोर घेऊन अडखळले. ते अडखळणं मला प्रामाणिक वाटलं.

लघुउद्योग प्रशासनाच्या मेंटर-प्रोटेजे योजनेचे नियम तसे कडक आहेत. करार जास्तीत जास्त सहा वर्षांचा. मेंटरला एका वेळी तीनच प्रोटेजे. संयुक्त कंपनी काढली तर निदान एक्कावन्न टक्के मालकी लहान भागीदाराची, आणि भागीदारांनी करायच्या कामातलं निदान चाळीस टक्के काम त्यानंच करायचं. ते नुसतं कागद सांभाळण्याचं चालत नाही. बदल्यात मेंटरला लहान कंपन्यांसाठी राखलेल्या कंत्राटांत शिरता येतं. मोठ्या माशाला हे आमिष पुरेसं आहे, आणि ते असण्यात मला गैर काही दिसत नाही. फुकट शिकवणारा मेंटर चौथ्या बैठकीनंतर फोन उचलत नाही.

गैर होतं ते पुढे. संयुक्त कंपनीत प्रपोजल मोठा लिहितो, दर मोठा ठरवतो, माणसं मोठा नेमतो, आणि लहान भागीदार सही करून सर्टिफिकेट पुरवतो. पाटी एकाची, दुकान दुसऱ्याचं. सहा वर्षं सरतात, उलाढालीचा आकडा फुगलेला असतो, आणि अप्रत्यक्ष खर्चाचा दर कसा बांधायचा हे मालकाला अजून येत नसतं. प्रोटेजेनं पहिल्याच दिवशी मागायला हवी ती हिशेबाची वही. ती दाखवायला जो मेंटर कचरतो, त्याच्याशी करार करू नये.

हा विषय मायदेशीही पोचला आहे. २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्यात दलित विचारवंतांनी सरकारी खरेदीत वाटा मागितला, तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिकेचंच उदाहरण होतं. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटना स्थापली. २०१२ मध्ये केंद्र सरकारनं आपल्या खात्यांच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीपैकी चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घेण्याचं उद्दिष्ट ठरवलं. ते चार टक्के अजून दूर आहेत. आपल्यातल्या किती जणांची कामं पुण्यात आणि नाशकात होतात, हे मला ठाऊक आहे. त्यांतलं एखादं उपकंत्राट अशा उद्योजकाला दिलेल्यांची संख्या विचारायचा मोह मी आवरतो, कारण पाहुण्यांना पहिल्याच तासाला अवघडवू नये, असं आमच्या समितीनं मला बजावलं आहे.

इथे मात्र विचारणार आहे. एट-एची नऊ वर्षं पुरी करून बाहेर पडलेल्या आणि आज स्वतः मेंटर होण्याजोग्या झालेल्या कंपन्यांसाठी, मेंटर म्हणून नाव नोंदवायला, दाराशी एक वही ठेवली आहे. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय उद्योजकांना आज दुपारच्या सत्राचं निमंत्रण आहे, आणि काही जण आलेही आहेत. त्यांचं वेगळं स्वागत. त्या सत्रात मेंटर कंपन्या आपले करार, नफ्याच्या वाटणीसकट, उघड समजावून सांगतील. प्रश्न अवघड विचारा. तशी त्यांनी परवानगी दिली आहे. जेवण साडेबाराला, पुरणपोळी मोजून मागवलेली आहे.

परिषदेचं उद्घाटन करावं, अशी आता मी अध्यक्षांना विनंती करतो.