इंजिन तळघरात, बटण पाचव्या मजल्यावर



मे महिन्यात दुपारी तीन वाजता उन्हात उभ्या गाडीचं दार उघडलं की आतली झळ तोंडावर येते, सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देतं. अशा गाडीत तान्हं मूल किंवा आजारी माणूस बसवायचं असेल, तर आधी फोनवरून इंजिन सुरू करून एसी लावण्याला मी चैन म्हणणार नाही. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सेल्टॉस आल्या आणि ही सोय आपल्या मध्यमवर्गीय घरांत पोचली. माझा आक्षेप सोयीला नाही. गाडी कुठे उभी आहे याचा विचार न करता बटण दाबण्याला आहे.

इंजिन सुरू करणारा माणूस आजवर गाडीत बसलेला असे. बॉनेट उघडून कुणी वाकलंय का, चाकाशी मूल खेळतंय का, हे त्याला दिसे. आता तो पाचव्या मजल्यावर असतो आणि इंजिन तळघरातल्या पार्किंगमध्ये. पुष्कळ सोसायट्यांत त्याच पार्किंगच्या कोपऱ्यात वॉचमनची खोली असते. त्याची बायको तिथेच स्वयंपाक करते, पोरं तिथेच झोपतात.

इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० हून अधिक पटींनी घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. ऊन लागलं असेल असं समजून माणूस तिथेच आडवा होतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यातून थंड इंजिनाची पहिली मिनिटं सर्वांत वाईट. तेव्हा पेट्रोल जास्त जातं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत नीट काम करत नाही. आपण दुरून गाडी सुरू करतो ती नेमकी याच मिनिटांसाठी. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाने गॅरेजचं दार उघडं ठेवून फक्त दोन मिनिटं इंजिन चालवून पाहिलं. गॅरेजमधलं प्रमाण दशलक्षात ५०० भागांवर गेलं आणि गाडी बाहेर काढल्यावर दहा तासांनीही वायू मोजता येत होता. तेव्हा ‘शटर उघडंच आहे की’ या समजुतीवर विसंबू नका.

दुसरा धोका बाहेरून बसवलेल्या स्वस्त रिमोट स्टार्ट किटचा. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवायची आपली जुनी आणि योग्य सवय आहे. गाडी न्यूट्रलमध्ये आहे की नाही हे किट तपासत नसेल, तर स्टार्टर फिरताच गाडी पुढे उडी घेते. कंपनीची यंत्रणा दारं लॉक आहेत का, बॉनेट बंद आहे का, ऑटोमॅटिक गिअर ‘पार्क’मध्ये आहे का हे बघते, आणि ठरावीक वेळाने, बहुधा दहा मिनिटांनी, इंजिन आपोआप बंद करते. यातलं काहीच न तपासणारं किट बसवू नका, एवढंच माझं मत.

गाडी उघड्यावर असेल, समोर दिसत असेल आणि तिच्यावर कव्हर नसेल, तरच बटण दाबा. नाहीतर चारही काचा खाली करून पहिलं मिनिटभर गाडी चालवा. कोंडलेली बरीचशी उष्णता तेवढ्यात निघून जाते.

आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत तळघरात रिमोट स्टार्टला मनाई करणारा ठराव मांडा. वीजबिल वाचवण्यासाठी तिथले एक्झॉस्ट पंखे बंद ठेवले असतील, तर ते सभेची वाट न पाहता उद्याच सुरू करून घ्या.